भास आणि संशय: डोक्याआधी अंगात काय बिघडलंय ते पाहा

हाडांच्या वॉर्डात ऑपरेशन होऊन पडलेला पन्नाशीचा माणूस तिसऱ्या रात्री अचानक पांघरुणावरच्या मुंग्या झटकू लागतो. मुंग्या नसतातच. मग तो सलाइनची नळी उपटतो, शेजारच्या खाटेवरचा माणूस साध्या वेशातला पोलीस आहे म्हणतो. घामानं निथळत असतो, हात थरथरत असतात. घरचे हादरतात. भूल डोक्यात चढली म्हणावी, की या खोलीतच काहीतरी आहे म्हणावं, त्यांना कळत नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर मात्र त्याच्या बायकोला बाजूला घेऊन एवढंच विचारतात, "रोज घेतात का हो हे?"

रोज घेत असतात. भरती करताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लाजेपोटी "कधीतरी, लग्नाकार्यात" असं सांगितलेलं असतं.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनांचा जोर वाढवते. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदू तिला पुरून उरण्यासाठी स्वतःला कायम चेतवून ठेवायला शिकतो. पाय मोडतो, माणूस वॉर्डात येतो, दारू एकदम बंद होते आणि चेतवलेपण तसंच मागे राहतं. पहिल्या दिवशी थरथर आणि झोपेचं खोबरं, कुणाला फिट. शेवटच्या पेगनंतर साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डेलिरियम ट्रेमेन्स सुरू होऊ शकतो: भास, कमालीची भीती, ताप, छातीत धडधड. यात किडे, उंदीर, साप दिसणं फार. उपचार झाले नाहीत तर यातून जीव जाऊ शकतो. उपचार ठरलेले आहेत, मेंदूला शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करायची आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायची. म्हणूनच "आता याला खोलीत कोंडतो, आठ दिवसांत दारू सुटेल" हा घरगुती उपाय धोक्याचा आहे. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

या माणसाला मानसिक आजार झालेला नाही आणि त्या खोलीत काही नाही. भास आणि संशय हे तापासारखे असतात. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, गळवाचाही असतो, आणि "ताप" हे काही निदान नव्हे. तसंच नसलेलं दिसणं, नसलेलं ऐकू येणं, किंवा "माझ्याविरुद्ध कट चाललाय" असं ठामपणे वाटणं, ही लक्षणं आहेत. त्यांच्यामागे स्किझोफ्रेनिया असू शकतो, लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो, सर्दीची गोळीसुद्धा असू शकते. आपल्याकडे असं काही झालं की दोनच तर्क पुढे येतात: "वेड लागलं" किंवा "बाहेरचं झालं". दोन्हींत तिसऱ्या शक्यतेची, म्हणजे शरीराची, तपासणी राहून जाते. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं, कारण ही तिसरी शक्यता पुष्कळदा चार-आठ दिवसांत बरी होण्यासारखी असते.

आजी बुधवारपासून बदलल्या

पंच्याहत्तरीच्या आजी रविवारपर्यंत व्यवस्थित होत्या. बुधवारी त्यांनी चहा ढकलून दिला, "सुनेनं यात काहीतरी कालवलंय" म्हणाल्या. संध्याकाळी त्यांना दारात वारलेला भाऊ उभा दिसला. रात्रभर जाग्या, कपडे गोळा करत, "मला माझ्या घरी जायचंय" म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बऱ्यापैकी शहाण्यासारख्या बोलल्या, म्हणून घरच्यांनी डॉक्टरकडे जाणं पुढे ढकललं. संध्याकाळी पुन्हा तेच.

याला डेलिरियम म्हणतात. दोन खुणा लक्षात ठेवा: हे तासा-दिवसांत सुरू होतं, आणि ते चढत-उतरत राहतं. विस्मरणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, महिन्या-वर्षांनी वाढतो. "बुधवारपासून" असा वार सांगता येत असेल तर तो डिमेन्शिया एकटा नाही. लक्ष टिकत नाही, हीसुद्धा मोठी खूण. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार... एरवी सहज म्हणणारी व्यक्ती दुसऱ्या-तिसऱ्या वाराला घसरते.

कारणं बहुतेक साधी असतात. लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग. म्हातारपणी त्यात ताप येईलच असं नाही, डोकं मात्र आधी गडबडतं. शरीरातलं पाणी कमी होणं. चार दिवस पोट साफ न होणं, लघवी तुंबणं. कंबरेचं किंवा खुब्याचं ऑपरेशन. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन जेवण चुकल्यानं साखर घसरणं. यात माणूस चिडतो, बरळतो, आणि साखर दिल्यावर काही मिनिटांत भानावर येतो. यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होत आल्यावर रक्तात साठलेली घाण. आणि आपल्या घराघरांत आता ओळखीचं झालेलं "सोडियम कमी झालं". रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते, त्यात कुणीतरी आजींचं मीठ जवळजवळ बंद केलेलं असतं, भूक मंदावल्यामुळे जेवण पेज-पाण्यावर आलेलं असतं. रक्तातलं सोडियम उतरतं, त्यामुळे मेंदूच्या पेशींमध्ये पाणी शिरतं, आणि चहात विष दिसू लागतं. रक्ताची एक साधी तपासणी हे सांगू शकते.

डेलिरियमची एक गप्प जातही आहे. त्यातला माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता पडून राहतो, विचारलं तर उशिरा उत्तर देतो. "आजी शांत आहेत, त्रास देत नाहीत" म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती तेवढीच गंभीर असते.

मूळ कारणावर उपचार चालू असताना बाकीचं काम घरच्यांचं असतं. दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, रात्री मंद दिवा ठेवा. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवा, कारण अर्धवट दिसलं-ऐकू आलं की भास वाढतात. समोर घड्याळ आणि कॅलेंडर असू द्या. ओळखीचा एकच माणूस जवळ बसू द्या, आळीपाळीनं दहा नातेवाईक नकोत. आणि हात-पाय बांधणं शक्यतो टाळा, त्यानं भीती आणि धडपड दोन्ही वाढतात.

काय सुरू झालं, काय बंद झालं?

डॉक्टरांकडून मी एकच प्रश्न उधार मागितला असता तर हा मागितला असता. भास सुरू होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत कोणती गोळी नव्यानं सुरू झाली, कशाचा डोस वाढला, आणि काय अचानक थांबलं? दारूचं आपण पाहिलंच. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन एकदम सोडल्या तरी तसंच काहीसं होतं.

सुरू झालेल्यांची यादी लांब आहे. स्टिरॉइड हे त्यातलं सगळ्यात नीट मोजलं गेलेलं उदाहरण. दमा, संधिवात, त्वचेचे आजार, मूत्रपिंडाचे आजार, कोविडच्या काळात तर घरोघरी, अशा किती ठिकाणी हे औषध जीव वाचवतं. १९७२ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या औषध-पाहणीत असं दिसलं की दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टिरॉइड घेणाऱ्यांत मानसिक लक्षणं १.३ टक्क्यांना झाली, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्क्यांना, आणि ८० च्या वर १८.४ टक्क्यांना. म्हणजे डोस वाढला तसा धोका वाढला. झोप उडणं, बडबड वाढणं, मोठमोठे बेत आखणं, मग संशय. पण वाचून कुणी स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नये. बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड एकदम थांबवणं हे स्वतःच एक संकट आहे.

क्षयरोगाची औषधं आपल्याकडे लाखो लोक घेतात. त्यातल्या आयसोनियाझिडमुळे क्वचित भास आणि भ्रम होतात. ते बी-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं, म्हणून सोबत बी-६ ची गोळी देतात आणि ती "ताकदीची गोळी" समजून टाळू नये. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी वापरलं जाणारं सायक्लोसेरिन तर या बाबतीत बदनामच आहे. पार्किन्सनमध्ये हालचाल सुधारण्यासाठी दिलेली, मेंदूतलं डोपामिन हे रसायन वाढवणारी औषधं तेच डोपामिन नको तिथेही वाढवतात.

पण म्हाताऱ्या माणसांच्या घरात माझा पहिला संशय असतो तो सर्दीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळीवर, पोटातल्या मुरड्याच्या गोळीवर, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या गोळीवर, कंप थांबवण्यासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलवर. या वेगवेगळ्या आजारांच्या गोळ्या मेंदूतल्या असेटिलकोलिन नावाच्या एकाच रसायनाला अडवतात, काही थोडं, काही बरंच. लक्ष आणि स्मरण त्या रसायनावर चालतं. एकेक गोळी निरुपद्रवी वाटते. तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या गोळ्या लिहिल्या की बेरीज होते.

धोतरा नेमका याच रसायनाला अडवतो, फक्त कितीतरी जोरात. महाशिवरात्रीला शंकराला वाहिला जाणारा, रस्त्याकडेला उगवणारा तोच. त्याच्या बियांत अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. पोरं गंमत म्हणून खातात, कुणी दम्यावरचा गावठी उपाय म्हणून घेतं. तोंड कोरडंठाक, कातडी लालबुंद आणि गरम, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, लघवी अडलेली, आणि माणूस हवेतून काहीतरी वेचतोय, नसलेल्या लोकांशी बोलतोय. थेट इस्पितळ गाठा. भांगेचं वेगळं. ती पोटातून घेतली की चढायला एक-दोन तास लागतात, "काहीच होत नाही" म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग घाबरून "मला कुणीतरी मारणार" म्हणतो. बहुतेकांचं ते दिवसभरात उतरतं. गांजा लहान वयापासून, रोज आणि तीव्र स्वरूपाचा घेणाऱ्यांत मात्र न उतरणाऱ्या आजाराचा धोका वाढतो, आणि घरात कुणाला असा आजार असेल तर आणखी.

ग्रंथी, जीवनसत्त्व आणि स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती

लंडनचे डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी १९४९ मध्ये १४ रुग्णांची हकिगत छापली. संशय, भास, गोंधळ; यातले बरेच जण मनोरुग्णालयाच्या वाटेवर होते. सगळ्यांचे चेहरे सुजरे, आवाज घोगरा, कातडी कोरडी आणि अंग थंड. थायरॉइड ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली. थायरॉइडचं औषध दिल्यावर त्यांतले बहुतेक सुधारले. अॅशर यांना या रुग्णांत रस होता तो याचसाठी, की ते समोर बसलेले असूनही ओळखले जात नव्हते. आज थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होते, त्यामुळे इतक्या टोकाला प्रकरण सहसा जात नाही. थायरॉइड फार वाढला तरीही भास-भ्रम होऊ शकतात.

बी-१२ ची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, भरपूर आढळते. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल होणं ही तिची नेहमीची लक्षणं. कधीकधी मात्र विस्मरण, चिडचिड, संशय आणि भास आधी येतात, रक्त अजून ठीक दिसत असतानाही. बऱ्याच काळापासून मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींनी आणि आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांनी ही तपासणी करून घ्यावी.

आणि आता या सगळ्यातला मला सर्वांत थरारक वाटणारा आजार. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. बहुतेक तरुण. थोडा ताप, डोकेदुखी, मग काही दिवसांत भीती, भास, "माझ्यावर नजर ठेवली जातेय". पुढे फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली, बोलणं बंद, श्वास आणि नाडीचा ताल बिघडलेला. त्यांच्या शरीरात टेराटोमा नावाची गाठ होती, बहुतेकींच्या बीजकोशात. टेराटोमात केस, दात, अगदी मेंदूच्या पेशींसारख्या ऊतीही सापडतात. प्रतिकारशक्ती त्या गाठीवर तुटून पडली, आणि तिनं बनवलेली प्रतिद्रव्यं खऱ्या मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरांवरही, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांवरही, जाऊन बसली. हा आजार गाठ नसतानाही होतो, पुरुषांना आणि मुलांनाही होतो. पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत तो पकडता येतो. गाठ काढून आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं देऊन बहुसंख्य रुग्ण सुधारतात, मात्र महिने लागतात. २००७ च्या आधी अशा किती मुलींना वेड्याच्या नावाखाली ठेवलं गेलं असेल, याचा हिशेब कुणीच करू शकत नाही.

दुर्मीळ आजार आणखीही आहेत: तांबं साठवणारा विल्सनचा आजार, पोटदुखीबरोबर येणारा पोर्फिरिया, जुना सिफिलिस, एचआयव्ही, मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या गाठी. ते डॉक्टरांवर सोडू या. फिटच्या आजाराबद्दल मात्र एक गोष्ट घरच्यांना माहीत हवी. मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून उठणारी फिट हातपाय झाडत नाही; क्षणभर जळका वास येतो, पोटातून भीती वर चढते, माणूस टक लावून बसतो, ओठ चाटतो. एक-दोन मिनिटांत संपतं. दर वेळी हुबेहूब तसंच आणि तितकंच छोटं, ही त्याची ओळख. अर्धशिशीत डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा सरकतात. त्याही भासच, पण त्या बहुधा वीस मिनिटं ते तासाभरात मावळतात.

नजर गेल्यावर दिसणारी माणसं

स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरातले निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं. आजोबा शार्ल लुलँ नव्वदीच्या आसपासचे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही नजर गेलेली. बुद्धी तल्लख. त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत; ती जवळ येत, लहान-मोठी होत, नाहीशी होत. आवाज कधीच नसे. आणि हे खरं नाही, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची करमणूकच होत असे.

आज काचबिंदू, पडद्याची झीज, मधुमेहानं गेलेली नजर असलेल्या कितीतरी लोकांना हे होतं. कारण समजायला सोपं आहे. मेंदूचा पाहणारा भाग डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीची सतत वाट पाहत असतो. ती आटली की तो आपल्याच साठ्यातून चित्रं काढू लागतो. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूची चित्रं भास होत असताना काढली. रंग दिसत होते तेव्हा रंग ओळखणारा भाग जागा झाला होता, चेहरे दिसत होते तेव्हा चेहरे ओळखणारा. म्हणजे त्यांचं "दिसतंय" हे म्हणणं मेंदूच्या बाजूनं खरंच होतं. बऱ्याच वृद्धांना हे दिसतं आणि ते कुणाला सांगत नाहीत, वेडं ठरवतील म्हणून. घरातल्या नजर अधू झालेल्या माणसाला सहज विचारून पाहा. "हे डोळ्यांमुळे होतं, डोक्यामुळे नाही" एवढं कळल्यावरच निम्म्याहून अधिक ओझं उतरतं.

चित्र वेगळं असेल तर मात्र सावध व्हा. घरात लहान मुलं, मांजरं स्पष्ट दिसतात, त्याबरोबर हालचाल मंदावलीय, दिवसागणिक समज कमी-जास्त होते, आणि कित्येक वर्षांपासून झोपेत लाथा-बुक्क्या मारण्याची सवय आहे: हा ल्यूई बॉडी डिमेन्शिया असू शकतो. इथे एक धोका घरच्यांना ठाऊक असलाच पाहिजे. भासांवर नेहमी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल या रुग्णांना फार बाधतं; शरीर ताठ होतं, शुद्ध हरपते, जीवावरही बेतू शकतं. रात्री-अपरात्री इमर्जन्सीत नेलं तर ही शंका तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घालाच.

बांगड्या कुणी चोरल्या?

संशय कुठून येतो, याचं मला पटलेलं उत्तर असं: मेंदूला मोकळी जागा सहन होत नाही. माहितीत खिंडार पडलं की तो गोष्ट रचून ते बुजवतो, आणि घाबरलेला मेंदू रचतो ती गोष्ट शत्रूची असते.

विस्मरणाचा आजार जडलेल्या आजी बांगड्या जपून ठेवतात आणि कुठे ठेवल्या ते विसरतात. ठेवल्याची आठवणच पुसलेली, त्यामुळे "मी विसरले" हे त्यांना जाणवूच शकत नाही. उरतं एकच स्पष्टीकरण, चोरी. आणि संशय जातो जवळच्यावर, म्हणजे सुनेवर किंवा कामाला येणाऱ्या बाईंवर. सुनेनं हे मनाला लावून घेऊ नये हे सांगणं सोपं, पण ते घाव बसतातच. जर्मनीच्या फ्रँकफुर्टमध्ये १९०१ साली अॅलॉइस आल्त्सहायमर (आपण ज्यांना अल्झायमर म्हणतो) यांनी तपासलेली, पुढे त्यांच्याच नावानं आजार प्रसिद्ध करणारी ५१ वर्षांची रुग्ण आऊगुस्टे. तिच्यात घरच्यांना सुरुवातीला जाणवली ती नवऱ्यावरच्या संशयाची लक्षणं, विसराळूपणा नंतर ठळक झाला.

कानांचंही तसंच. अमेरिकेत फिलिप झिंबार्डो यांनी १९८१ मध्ये एक चलाख प्रयोग प्रसिद्ध केला. काही महाविद्यालयीन मुलांना संमोहनातून अशी सूचना दिली की त्यांना कमी ऐकू येईल, पण तशी सूचना दिली गेल्याचं त्यांना आठवणार नाही. शेजारी दोघे गप्पा मारत होते. कमी ऐकू येण्याचं कारण माहीत नसलेली मुलं चिडखोर आणि संशयी झाली; कारण माहीत असलेली झाली नाहीत. धडधाकट तरुणांची ही गत, तर हळूहळू बहिरेपण आलेल्या आणि ते मान्य नसलेल्या आजोबांना "सगळे माझ्याबद्दल कुजबुजतात" वाटलं, यात नवल काय? काहींना तर बहिरेपणात जुनी गाणी, भजनं ऐकू येत राहतात. कानाचं यंत्र हा इथे संशयावरचा उपाय ठरू शकतो.

आजार नसतानाही

झोप लागता-लागता किंवा जाग येता-येता कुणी हाक मारल्यासारखं होणं पुष्कळांना होतं. जाग आलीय पण हलता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय, हा अनुभव कितीतरी भुतांच्या गोष्टींचा उगम असावा. स्वप्नाच्या झोपेत शरीर मुद्दाम सैल पाडलेलं असतं. मेंदू जागा झाला आणि शरीर अजून सुटलं नाही, की स्वप्न डोळे उघडे असताना दिसतं. जागरण फार झालं तर कुणालाही भास होतील. न्यूयॉर्कमधले रेडिओ निवेदक पीटर ट्रिप १९५९ मध्ये निधीसंकलनासाठी २०१ तास जागे राहिले. शेवटी त्यांना भास होत होते आणि तपासायला आलेल्या डॉक्टरचाच संशय येऊ लागला होता.

आणि गेलेलं माणूस. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहिलं की जवळपास निम्म्यांना जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं, काहींना तो दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता. बहुतेकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अनेकांना त्यातून धीर मिळत होता. स्वयंपाकघरात आजोबांच्या खोकल्याचा आवाज ऐकणाऱ्या आजींना, बाकी सगळं ठीक असेल तर, गोळीची गरज नाही.

आणि मानसिक आजार

शरीराकडे बघा, असं इतका वेळ सांगितलं, त्याचा अर्थ मानसिक आजार खोटा असा कुणी काढू नये. विशी-तिशीतला मुलगा महिनोन्‌महिने एकलकोंडा होत जातो, अभ्यास किंवा काम सुटतं, शुद्ध पूर्ण असताना त्याला आपल्याबद्दल चर्चा करणारे आवाज ऐकू येतात, विचार कुणीतरी पेरतंय असं वाटतं: हा स्किझोफ्रेनिया असू शकतो. आयुष्यात कधी ना कधी तो शंभरातल्या जेमतेम एकाला होतो, आणि उपचार जितके लवकर तितका फायदा. तीव्र नैराश्यात "मी पापी आहे, सगळं संपलं" असे आवाज येतात, उन्मादात देवाचे आदेश. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून "नाटक करतोय" म्हणू नका. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आता मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, एवढाच त्याचा अर्थ.

बाळंतिणीचं वेगळं सांगायला हवं. हजारातल्या एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, झोप पूर्ण उडते, मग संशय, "हे माझं बाळच नाही", बाळाबद्दल भयंकर विचार. ही त्याच दिवशी इस्पितळात नेण्याची वेळ आहे. सोबत तीव्र डोकेदुखी किंवा फिट असेल तर मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळीही असू शकते. नजर उतरवण्यात एक रात्रही घालवू नका, आणि तोवर आईला आणि बाळाला एकटं सोडू नका.

अंदाज बांधायला काही खुणा उपयोगी पडतात, नियम म्हणून नाही. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच भास, तर शरीराकडे बोट. दिसणारे, वासाचे, अंगावर किडे फिरल्याचे भास, तरीही शरीराकडे. ताप, फिट, नवी तीव्र डोकेदुखी, शुद्ध कमी-जास्त होणं, डोक्याला मार: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी इस्पितळ. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटत असेल तरीही तेच. कुणाशी बोलावं कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

घरात त्या माणसाशी वाद घालू नका, आणि खोटी मान्यताही देऊ नका. "कुठे आहेत मुंग्या, काहीही बोलता" यानं तो एकटा पडतो. "हो हो, मारल्या मुंग्या" यानं मुंग्या पक्क्या होतात. "मला दिसत नाहीत, पण तुम्ही घाबरलाय हे कळतंय, मी इथेच बसतो" असं म्हणा.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणत्या वारी सुरू झालं, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतं, आधी काय बदललं, दारू-तंबाखू-गांजा किती, हे न लाजता. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. त्यात शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी घाला, वैद्यांची पुडी घाला, टीव्हीवर बघून मागवलेलं चूर्ण घाला, आणि डोळ्यांत घालायचे थेंबही घाला. बाहुली मोठी करणाऱ्या काही थेंबांनी लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना भास झाल्याची उदाहरणं आहेत, आणि थेंब हेही औषधच आहे हे ध्यानात न आल्यानं त्यांचं नाव डॉक्टरांना सहसा कुणी सांगत नाही.